मोजकंच बोलणारी चिप: एटीईसीसी६०८बी वापरताना

भोसरीतल्या एका छोट्या कंपनीत मी फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा प्रोग्रॅम, लिहिते. आमचा माल म्हणजे शेतातल्या मोटारीचा कंट्रोलर: मोबाइलवरून मोटार चालू-बंद करा, विहीर कोरडी पडली किंवा एक फेज गेला तर आपोआप ट्रिप. त्या बोर्डावर मुख्य प्रोसेसरच्या शेजारी आठ पायांची एक काळी टिकली बसते, मायक्रोचिपची एटीईसीसी६०८बी. तिचं काम खासगी किल्ली, म्हणजे सही करण्यासाठीचा गुप्त आकडा, पोटात ठेवायची आणि ती कुणालाही, अगदी आमच्या प्रोसेसरलाही, दाखवायची नाही. सही हवी असेल तर हॅश (मजकुराचा छोटा ठसा) द्या, सही घ्या. नव्या फर्मवेअरवरची सही खरी आहे का, हेही ती तपासून सांगते.

या चिपबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात सगळा भर किल्ल्या, कर्व्ह आणि सर्टिफिकेटवर असतो. मी लिहिणार आहे ते ती नकार कसा देते त्याबद्दल. शेतावरून जो फोन येतो तो चिपने होकार दिला म्हणून कधीच येत नाही.

तिचं नकाराचं उत्तर चार बाइट्सचं. पहिला बाइट लांबी, म्हणजे ०४. दुसरा कारणाचा आकडा. उरलेले दोन सीआरसी, म्हणजे निरोप वाटेत बिघडला नाही ना हे पडताळायचा आकडा. ना वाक्य, ना ओळ क्रमांक, ना कुठला पॅरामीटर चुकला त्याचा पत्ता. कारणांचे आकडेही जेमतेम दहा, सगळे हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या मोजणीत). पहिल्यांदा हे कोष्टक पाहिलं की वाटतं, एवढ्यावर डिबगिंग करायचं? पण सहा-आठ महिने त्याच्याबरोबर काढले की लक्षात येतं, हे कोष्टक काय बिघडलं ते सांगण्यासाठी केलेलंच नाही. आता तुम्ही काय करायचं, ते सांगण्यासाठी केलेलं आहे.

तिच्याच तोंडून सांगायचं तर, एफएफ आलं तर तुमचा निरोप वाटेत खराब झाला, मी तो उघडलाही नाही, जसाच्या तसा पुन्हा पाठवा. ०३ आलं तर निरोप नीट पोचला पण तो मुळातच चुकीचा आहे, शंभर वेळा पाठवलात तरी उत्तर हेच, कोड दुरुस्त करा. ०एफ आलं तर हुकूम बरोबर आहे, पण सध्याच्या माझ्या अवस्थेत मला तो पाळता येत नाही, आधी अवस्था बदला. ०५ आलं तर आकडेमोड करताना गडबड झाली, आलेलं उत्तर मी तुम्हाला देत नाही, पुन्हा सांगून बघा. ईई म्हणजे हा हुकूम पुरा होण्याआधी माझी वेळ संपेल, मला थोडं आयडलला (तात्पुरत्या विश्रांतीला) टाका आणि मग या. ११ म्हणजे मी आत्ताच जागी झाले. ०७ आणि ०८ म्हणजे माझी स्वतःची चाचणी किंवा रँडम आकड्यांची तपासणी नापास झाली आहे, ती निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि ०१ म्हणजे सही जुळली नाही.

पुन्हा पाठवा, थांबा, अवस्था बदला, सोडून द्या. वरच्या थरात हे चार रस्ते वेगळे ठेवले तर अर्धा त्रास तिथेच संपतो. दुर्दैवाने बहुतेक कोडमध्ये ते वेगळे राहत नाहीत, त्याबद्दल पुढे.

०५ माझ्या खास आवडीचा. १९९६ साली बोने, डीमिलो आणि लिप्टन या तिघांनी दाखवून दिलं की आरएसएची सही करताना यंत्राकडून हिशेबात चूक झाली आणि अशा चुकीच्या सह्या बाहेर पडल्या, तर त्यांवरून खासगी किल्ली काढता येते. नेहमीची सीआरटीची (हिशेब दोन भागांत करून वेळ वाचवणारी) पद्धत वापरत असलात तर एकच चुकलेली सही पुरते. तेव्हापासून हल्ला करणाऱ्यांचा उद्योगच झाला: चिपच्या व्होल्टेजला धक्का द्या, घड्याळ अडखळवा, लेझर मारा, आणि चुकीचं उत्तर बाहेर येतंय का बघा. म्हणून शंका आली की उत्तर गिळून टाकणं हाच अशा चिपचा धर्म. ०५ हे तेच करतं. अर्थात हे कवच अभेद्य नाही. हिच्या आधीच्या पिढीतल्या ५०८ए चिपवर लेझरने दोष घालून संरक्षित स्लॉटमधला (चिपच्या आतल्या कप्प्यातला) मजकूर वाचता येतो, हे फ्रान्समधल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. शेतातल्या कंट्रोलरसाठी कुणी लेझरचं टेबल मांडून बसणार नाही, म्हणून आम्हाला ते परवडतं. तुम्ही पैशांचं पाकीट बनवत असाल तर वेगळा विचार करा.

आता नावडतीचा. ०एफ. या एका आकड्यात एवढं कोंबलंय की विचारू नका. कॉन्फिगरेशन, म्हणजे चिपच्या सेटिंग्ज, अजून लॉक केलेलं नाही? ०एफ. स्लॉटला आधी ऑथरायझेशन हवं होतं? ०एफ. टेम्पकी नावाच्या तात्पुरत्या जागेत नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा) भरायचा राहिला? ०एफ. किल्लीला वापराची मर्यादा घातली होती आणि काउंटर संपला? तरीही ०एफ. क्रिप्टोऑथलिब ही त्यांची लायब्ररी याचा अनुवाद करून एफ४ असा स्वतःचा वेगळाच आकडा देते, आणि नवा माणूस तो एफ४ चिपच्या डेटाशीटमध्ये शोधत बसतो.

हा मुकेपणा मुद्दाम आहे, हे मला मान्य आहे. १९९८ मध्ये ब्लाइखेनबाखरने एसएसएलच्या (वेबवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या पद्धतीच्या) सर्व्हरवर केलेला हल्ला आठवा. सर्व्हर फक्त एवढंच सांगत होता की तुमच्या मजकुराचं पॅडिंग (त्याला जोडलेला भराव) चुकलंय की बरोबर आहे. तेवढ्या एका बिटाच्या आधारे लाखो वेळा विचारत विचारत गुप्त मजकूर उलगडला. कारण जितकं सविस्तर, तितकी परक्या माणसाला मदत. म्हणून शेतात बसलेल्या चिपने ०एफच्या पलीकडे तोंड उघडू नये, हे बरोबरच. पण माझ्या टेबलावरची कोरी चिप, जिच्यात अजून एकही किल्ली नाही, जिचं कॉन्फिगरेशन उघडं आहे, तिने कुणापासून काय लपवायचंय? लॉक होईपर्यंत सविस्तर बोल, लॉक झालीस की गप्प बस, एवढी सोय केली असती तर माझे बरेच शनिवार वाचले असते. यासाठी मी सरळ एक गुण कापते.

दुसरा गुण कापते तो आय-टू-सीवरच्या, म्हणजे प्रोसेसर आणि चिप यांना जोडणाऱ्या दोन तारांवरच्या, तिच्या अबोल्याबद्दल. तुम्ही पत्ता पाठवलात आणि चिपने नवव्या क्लॉकला लाइन खाली ओढली नाही, म्हणजे नॅक आला, तर त्याचे अर्थ किती? ती झोपलेली असेल. ती जागी असेल पण हुकूम पुरा करण्यात गुंतलेली असेल. ती बोर्डावर नसेलच. किंवा तुम्ही दुसऱ्याच पत्त्यावर हाका मारत असाल, कारण कोऱ्या चिपचा पत्ता सात बिटांत (हेक्समध्ये) ६०, कारखान्यातून किल्ल्या भरून आलेल्या ट्रस्ट अँड गो प्रकाराचा ३५ आणि ट्रस्टफ्लेक्स प्रकाराचा ३६. चारही वेळा लॉजिक अॅनालायझरवर (तारांवरचे सिग्नल दाखवणाऱ्या यंत्रावर) दिसतं एकच.

आमच्या लाइनवरचा टेक्निशियन एकदा पूर्ण ट्रे घेऊन आला. "मॅडम, सगळ्या चिप मेल्यात."

"मेल्या नाहीत, झोपल्यात. क्लॉक किती ठेवलाय?"

"चारशे. टेस्टला वेळ लागतो म्हणून वाढवला."

इथेच मेख आहे. या चिपला उठवायचं तर एसडीए (डेटाची) लाइन निदान ६० मायक्रोसेकंद खाली धरावी लागते. १०० किलोहर्ट्झवर पत्ता शून्य पाठवला की आठ शून्यं मिळून ८० मायक्रोसेकंद होतात, चिप उठते. ४०० किलोहर्ट्झवर तीच आठ शून्यं २० मायक्रोसेकंदांत संपतात आणि बाईसाहेब कूसही बदलत नाहीत. म्हणून उठवण्यापुरता क्लॉक १०० वर आणायचा, दीड मिलिसेकंद थांबायचं, आणि वाचायचं. चार बाइट्स येतात: ०४ ११ ३३ ४३. ही अक्षरं आता मला पाठ झाली आहेत. क्लॉक खाली आणल्यावर ट्रेमधल्या सगळ्यांनी ती म्हणून दाखवली.

याच ११चा खरा उपयोग मात्र फार जणांना माहीत नसतो. हा आकडा अपेक्षेच्या ठिकाणी आला तर ती हजेरी. नको तिथे आला तर ती मोठी बातमी आहे. साडेसात एचपीची मोटार स्टार्ट होताना व्होल्टेज बसतं, कॉन्टॅक्टर खटकन ओढला जातो, आणि बोर्डावरच्या सप्लायमध्ये काही कमी-जास्त झालं तर चिप मध्येच रीसेट होते. आपला प्रोसेसर मात्र तगून राहतो आणि जिथे होता तिथून पुढे हुकूम पाठवत राहतो. चिपच्या पोटातली टेम्पकी तोवर पुसली गेलेली असते. अशा वेळी मधल्याच पायरीवर ११ दिसला तर तेवढाच हुकूम परत पाठवून उपयोग नाही, नॉन्सपासून सगळी साखळी नव्याने चालवावी लागते. खटक्याने नुसता आवाज लाइनवर चढला तर एफएफ येतं आणि तिथे तेवढा एक निरोप पुन्हा पाठवला की भागतं. मोटार चालू होतानाचे हे दोन प्रसंग बाहेरून एकसारखे दिसतात, उपाय वेगळे. चिप तो फरक करते, याचं मला कौतुक आहे.

वॉचडॉगचंही, म्हणजे चिपमधल्या वेळ मोजणाऱ्या पहारेकऱ्याचंही, तसंच. चिप जागी झाल्यापासून साधारण १.३ सेकंदांनी ती स्वतःहून झोपते, तुमचं काम अर्धवट असो वा नसो. सुरुवातीला हा आगाऊपणा वाटतो. मग लक्षात येतं की होस्ट (आपला प्रोसेसर) अडकून पडला तर ऑथरायझेशन मिळालेली चिप तशीच उघडी राहू नये, यासाठी ते चांगलंच आहे. आयडलला टाकली तर टेम्पकी टिकते, झोपवली तर जाते. सहीच्या मोठ्या साखळीआधी एकदा आयडल करून परत उठवायची सवय लावा, म्हणजे ईई सहसा दिसणारच नाही.

आता ०१ आणि वरचा थर. माझ्या मते ०१ हा एररच नाही, ते उत्तर आहे. "ही सही खरी आहे का?" या प्रश्नाला चिपने दिलेलं "नाही" असं उत्तर. आमच्या बोर्डाचा पहिला बूटलोडर, म्हणजे सुरुवातीला फर्मवेअर तपासून चालू करणारा कोड, आम्ही बाहेरून लिहून घेतला होता. नाव घेत नाही. त्यात चिपकडून शून्य सोडून काहीही आलं की तीनदा पुन्हा प्रयत्न, तरी नाही जमलं तर वजा एक, आणि वजा एक आलं की "सिक्युरिटी चिप नादुरुस्त, पुढे चला" असं म्हणून फर्मवेअर सुरू. ०१ही त्याच वजा एकमध्ये गेलेला. म्हणजे सही खोटी निघाली तरी बूट, आणि कुणी एसडीएचा ट्रॅक ब्लेडने कापला तरी बूट. दाराला भारी कुलूप, पण चावी हरवली तर दार आपोआप उघडेल अशी व्यवस्था. विचारलं तर उत्तर आलं, "फील्डमध्ये बोर्ड बंद पडला तर कस्टमर शिव्या देईल ना मॅडम." मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता, म्हणून जास्त राग आला.

कारण शेतीला थ्री-फेज वीज कित्येक ठिकाणी आठवडे वाटून, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्री दोनला लाइट आली आणि कंट्रोलर "मला माझ्या फर्मवेअरचा भरवसा वाटत नाही" म्हणून अडून बसला, तर पाण्याची पाळी हुकते. सुरक्षेच्या पुस्तकातला नियम सांगतो, शंका आली की बंद व्हा. अमेरिकेचं एफआयपीएस १४० हे मानक तर स्पष्टच म्हणतं की एरर अवस्थेत मोड्यूलने डेटा बाहेर देता कामा नये. ते चिपसाठी बरोबर आहे. अख्ख्या मोटारीसाठी काय करायचं ते आपण ठरवायचं असतं, चिप ठरवू शकत नाही.

आम्ही शेवटी असं ठरवलं. चिपने स्पष्ट ०१ दिला तर फर्मवेअरची ती प्रतिमा (प्रत) चालवायचीच नाही, जुन्या जागेतली आधीची प्रतिमा तपासून तीच चालवायची. एफएफ, ईई, ०५ आले तर मोजून काही वेळा पुन्हा प्रयत्न. ०३ आला तर तो आमचाच दोष, नोंद करायची आणि रिट्राय अजिबात नाही. ०७, ०८ किंवा कायमचा नॅक आला तर एक छोटा कोड, जो प्रोसेसरच्या लिहिता न येणाऱ्या भागात असतो, तेवढाच चालतो: पॅनेलवरच्या हिरव्या-लाल बटणाने मोटार चालू-बंद होते, ड्राय रन आणि फेजचं संरक्षण चालू राहतं. मोबाइलचा हुकूम घेतला जात नाही, नवं फर्मवेअर घेतलं जात नाही, लाल दिवा लुकलुकतो. ट्रॅक कापणाऱ्याच्या हाती बटण लागतं, जे त्याच्यासमोर पॅनेलवर आधीपासून होतंच.

तुलना करायची तर लॅपटॉपमधल्या टीपीएम २.० या सुरक्षा चिपशी करते, कारण तीही याच जातीची चीज आणि दोन्ही मी हाताळल्या आहेत. टीपीएम भरपूर बोलते. कितवा पॅरामीटर चुकला, कितवं हँडल, कितवं सेशन, ते आकड्यातच गुंफलेलं असतं. चुकलेल्या पासवर्डचेही दोन प्रकार: ९८ई आला तर ती चूक तुमच्या खात्यावर मोजली गेली, ९ए२ आला तर मोजली गेली नाही. खूप चुका झाल्या की ९२१, म्हणजे आता कुलूपबंद, थांबा. आणि स्वतःत बिघाड सापडला की टीपीएम फेल्युअर मोडमध्ये जाते आणि फक्त दोनच हुकुमांना उत्तर देते: चाचणीचा निकाल सांग, आणि तू कोण आहेस ते सांग. ही रचना मला फारच आवडते. बिघडलेल्या यंत्राने किती बोलावं याचं इतकं स्पष्ट उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. पण त्या बदल्यात तिचं स्पेसिफिकेशन हजारभर पानांचं आहे, आणि त्यातले आकडे उलगडायला वेगळं टूल लागतं. आमच्या छोट्या प्रोसेसरला एवढा पसारा झेपत नाही.

दोन बारीक गोष्टी. कॉन्फिगरेशन लॉक करणं हे परतीचं दार नसलेलं काम. पण लॉकच्या हुकुमाबरोबर तुम्ही त्या झोनचा (लॉक करायच्या भागाचा) सीआरसी दिलात आणि आतला मजकूर त्याच्याशी जुळला नाही, तर चिप लॉक व्हायला नकार देते. ही तपासणी टाळायचाही पर्याय आहे. तो वापरू नका, लाइनवर तर नाहीच. दुसरी गोष्ट मला पटत नाही: कॉन्फिगरेशन लॉक होण्याआधी रँडम आकडा मागितला तर चिप नकार देत नाही, एफएफ एफएफ ०० ०० अशी ठरलेली नक्षी पाठवते. टेस्टिंगला सोपं जावं म्हणून ते केलंय, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याला चटकन कळतंही. पण कोडला डोळे नसतात. आलेले ३२ बाइट्स तो मुकाट्याने किल्ली म्हणून वापरेल. इथे ०एफ द्यायला हवा होता. आम्ही लाइनच्या टेस्टमध्येच ही नक्षी दिसली तर बोर्ड नापास करतो.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात: ६०८ची पूर्ण डेटाशीट एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) सही केल्यावरच मिळते, उघड्यावर फक्त सारांश. जुन्या ५०८एची पूर्ण डेटाशीट मात्र सहज मिळते आणि एररचं कोष्टक समजून घ्यायला ती बऱ्यापैकी पुरते. ०७ आणि ०८ तेवढे त्यात सापडणार नाहीत.

किंमत घाऊकमध्ये डॉलरच्या आतबाहेर. या पैशात असं उत्तर देणारी चिप मिळते, हे मला स्वस्तच वाटतं. पाचपैकी तीन गुण, आणि कापलेले दोन कुठे गेले ते वर आलंच आहे.

शिकायला किंवा कॉलेजच्या प्रोजेक्टला घेत असाल तर ब्रेकआउट बोर्ड (चिप आधीच बसवलेला छोटा बोर्ड) घ्या, आणि एकच नको, दोन-तीन घ्या, कारण चुकीचं लॉक झालेलं परत उघडत नाही. क्लाउडला जोडण्यापुरतंच काम असेल तर ट्रस्ट अँड गो बरी, तिचं कॉन्फिगरेशन आधीच ठरलेलं असल्याने ०एफशी गाठ फारशी पडत नाही. कोरी चिप घ्यायची असेल तर आधी लॉजिक अॅनालायझर घ्या, आणि बूटलोडर बाहेरून लिहून घेणार असाल तर ऑर्डरमध्ये लिहा की प्रत्येक आकड्याला काय करायचं त्याचं कोष्टक आधी हातात पाहिजे, कोड नंतर.